पेरले ते उगवतेच का?



आपल्या बोलण्यात एक वाक्य फार सहज येते, ‘पेराल तसे उगवेल.’ पोरगा हाताबाहेर गेला की शेजारी म्हणतो, बापाने पेरले ते उगवले. भावाभावांचा वाद कोर्टात गेला की गाव तेच म्हणते. एखाद्या घरात लागोपाठ दोन दुःखे आली, तर तोंडाने कोणी म्हणत नाही, पण मनात हेच वाक्य फिरत असते. मी पन्नास वर्षांच्या आसपास नारदाच्या गादीवर उभा राहिलो. भोकर, मुदखेड, हदगाव, किनवट, तिकडे अहमदपूर, उदगीर, एवढ्या मुलखात हिंडलो. हे वाक्य लग्नाच्या मांडवात ऐकले, सप्त्यात ऐकले आणि तेराव्याच्या दिवशीही ऐकले. तेराव्याला ऐकले तेव्हा ते कानाला बोचले. म्हणून आज आपल्यापुढे प्रश्न ठेवतो. हे वाक्य खरे आहे का? असल्यास कुठपर्यंत? आणि ते कोणी कोणाला म्हणायचे?

प्रश्न बीजाचा आहे, तेव्हा आधी बीजालाच विचारू. आम्हा कीर्तनकारांची एक खोड असते. दृष्टान्त घ्यायचा, त्यातून सिद्धान्त काढायचा, आणि काम झाले की दृष्टान्ताकडे पुन्हा पाहायचे नाही. बीजाचा दृष्टान्त सर्वांनी घेतला, पण बीज रानात प्रत्यक्ष काय करते हे पाहायला थांबणारे थोडे. आपण जरा थांबून पाहू.

आपल्या भाषेत ‘च’ हे अक्षर दिसायला लहान आहे, पण ते ज्या शब्दाला चिकटते तिकडे वाक्याचा सगळा भार जातो. एकाच वाक्यात हा ‘च’ कुठे बसवला यावरून तीन वाक्ये होतात. पहिले, पेरले तेच उगवते. दुसरे, पेरले ते उगवतेच. तिसरे, उगवले ते पेरलेलेच. ऐकताना तिन्ही सारखी वाटतात, बोलणारा एक म्हणतो आणि ऐकणारा दुसरे ऐकतो. एकेक घेऊन पाहू.

पहिले वाक्य, पेरले तेच उगवते. हे खरे आहे, त्यात शंका नाही. सरकी पेरून ज्वारी येत नाही. तुरीच्या तासात तूरच उभी राहते. बीज म्हणजे काय, तर वर साल, आत इवलासा कोंब आणि त्या कोंबाला पहिले काही दिवस पुरेल एवढी शिदोरी. त्या कोंबात झाडाची जात ठरलेली असते. जमीन काळी असो की मुरमाड, पाऊस कमी असो की जास्त, झाड लहानमोठे होईल, पण जात बदलणार नाही. शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. संकरित वाणाचे बी घरी राखून पुढच्या साली पेरले, तर पीक एकसारखे येत नाही. काही झाडे उंच, काही ठेंगणी, आजा-पणजाचे गुण फुटून वर येतात. म्हणजे वरून दिसते तेवढेच बीजात नसते, लपलेलेही असते, आणि जे आहे तेच बाहेर येते.

या वाक्याचा उपयोग काय? तर स्वतःकडे पाहण्यासाठी. मी घरात रोज चिडून बोललो तर माझ्या नातवाच्या तोंडी गोड शब्द येतील, ही आशा मी धरू नये. मी तोंडाने हरिपाठ म्हटला आणि हाताने मापात मारले, तर पोराने हरिपाठ उचलावा आणि माप उचलू नये, असे होत नाही. दोन्ही बियांत कोणती रुजते ते आपल्या हातात नाही. म्हणून निवडायचे ते पेरण्याआधी, चाड्यावर मूठ धरण्याआधी. हे पहिले वाक्य ज्याने त्याने रोज स्वतःला म्हणावे, त्याने कल्याणच होईल.

आता दुसरे वाक्य, पेरले ते उगवतेच. हे मात्र खरे नाही, आणि खरी अडचण इथे आहे.

आमच्या भोकर-किनवट भागातल्या सागाकडे पाहा. सागाचे फळ फुग्यासारख्या आवरणात असते, आतला गर्भ लाकडासारखा कठीण. झाडाखाली अशी फळे ढिगाने पडतात. त्यातली किती उगवतात? फार थोडी. पुष्कळ फळे एक पावसाळा तशीच पडून राहतात, काही दोन, काही त्याहून अधिक. रोपवाटिकेत सागाचे बी पेरायचे तर ते पाण्यात भिजवतात, उन्हात वाळवतात, पुन्हा भिजवतात, पुन्हा वाळवतात. इतके सोसल्यावर त्याची कवटी सैल होते. निंबोळीचे उलटे. ती पिकते पावसाळ्याच्या तोंडाशी, आणि तिच्यातला जीव थोडक्या काळापुरता. त्या काळात ओल मिळाली तर लिंब उभा राहील, नाही मिळाली तर निंबोळी सुकून जाते. सागाला घाई चालत नाही आणि लिंबाला उशीर चालत नाही. दोघांचीही बीजे शुद्धच आहेत. उगवणे न उगवणे हे शुद्धतेवरच ठरत असते, तर रानात पाय ठेवायला जागा राहिली नसती.

पिंपळाचे फळ घ्या. नखाएवढ्या फळात बारीक बियांचा नुसता चुरा असतो. पाखरे खातात, उडतात, शिट टाकतात. त्यातली एखादी बी बारवेच्या दगडी फटीत पडते, एखादी देवळाच्या शिखरावर, आणि तिथे पिंपळ उगवतो. बाकीच्या? काही खडकावर वाळल्या, काही मुंग्यांनी नेल्या, काही पाण्याने वाहून गेल्या. एका मोठ्या पिंपळाने आयुष्यभरात टाकलेल्या बियांची मोजदाद कोण करणार? त्यातून झाडे झाली ती बोटावर मोजण्याएवढी. तरी पुढच्या वर्षी पिंपळ पुन्हा फळतो. मागच्या वर्षीच्या बिया उगवल्या की नाही, हे तो विचारत नाही.

कोणी म्हणेल, महाराज, रानातले ठीक, पण शेतकरी विचार करून पेरतो, मशागत करतो, त्याचे तरी उगवतेच ना? त्यालाही उत्तर आहे. सोयाबीनचे प्रमाणित बियाणे घ्या. सरकारी निकष आहे शंभरातले किमान सत्तर दाणे उगवण्याचा. म्हणजे सरकारी शिक्का असलेली पिशवीसुद्धा सगळे दाणे उगवण्याचे वचन देत नाही. तीस दाण्यांची सूट ती आधीच मागून घेते. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ, आतला कोंब सालीच्या अगदी जवळ. मळणीत मार लागला, पोते उंचावरून आपटले, थप्पी फार उंच लावली, तर वरून टपोरा दिसणारा दाणा आतून मेलेला असतो. म्हणून कृषी खाते सांगते की पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवडाभराने किती कोंब आले ते मोजा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय तिफण लावू नका. दाणा तीन-चार सेंटीमीटरपेक्षा खोल टाकू नका. एवढे सगळे केले आणि पेरल्यावर पावसाने पंधरा दिवस ओढ दिली, तर? ते पेरणाऱ्याच्या हातात नाही.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात हेच झाले. अनेक गावांत सोयाबीन उगवलेच नाही. तक्रारी इतक्या आल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्यात लक्ष घातले. लोकांनी दुबार पेरणी केली, कोणी उसनवारी करून, कोणी डोरले मोडून.

मी वर तेराव्याचा उल्लेख केला, तो अशाच एका घरचा. गाव आणि नाव सांगत नाही. घरातला कर्ता माणूस गेला होता. दोनदा पेरलेले वाया गेलेले, डोक्यावर देणे. मी प्रवचनाला बसलो होतो. मागच्या बाजूला कोणी तरी हलक्या आवाजात म्हणाले, ‘शेवटी काय, पेरावे तसे उगवते.’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. वाक्य तोंडात बसलेले, ते निघून गेले. पण त्या माणसाच्या बायकोने ते ऐकले. त्या माउलीने दोन्ही वेळा स्वतः चाड्यावर मूठ धरली होती. काय पेरले, किती जपून पेरले, कोणत्या तासाला किती दाणे सुटले, हे तिच्याएवढे त्या मांडवात कोणाला ठाऊक होते? तिने मान वर केली, पाहिले, आणि पुन्हा खाली घातली. शहाणपणाच्या वाक्याने एवढी इजा होताना मी पहिल्यांदाच पाहिले असे नाही, पण तेव्हापासून हा प्रश्न मला सोडीना.

आता पूर्वपक्ष करणारा म्हणेल, महाराज, आपला कर्माचा सिद्धान्त मग काय झाला? या जन्मीचे नसेल तर मागच्या जन्मीचे असेल. बाबांनो, सिद्धान्ताला मी हात लावत नाही. तो माझ्या गुरूंनी मला दिला आणि मी मानतो. पण तो कशासाठी दिला ते विसरू नये. तो मला दिला मी स्वतःला सावरावे म्हणून. शेजाऱ्याच्या मागच्या जन्माचा सातबारा माझ्याकडे कोणी दिलेला नाही. माझ्या दुःखात मी म्हणालो की हे माझेच असेल, तर त्याने माझा अहंकार उतरेल, दुसऱ्यावरचा राग निवेल. तेच मी दुसऱ्याच्या दुःखात म्हणालो, तर माझ्या अंगावरची मदतीची जबाबदारी उतरेल, एवढेच. औषध तेच, पण कोणाच्या तोंडात घातले यावर ते औषध की विष ते ठरते.

आणि आपल्याकडे याचा दाखला दुसऱ्या कोणाचा नाही, प्रत्यक्ष तुकोबारायांचा आहे. बीजाचे आणि फळाचे नाते तुकोबांच्या अभंगामुळे महाराष्ट्राच्या तोंडी बसले. त्यांच्या वैकुंठगमनाची तिथी फाल्गुन वद्य द्वितीया, तिलाही आपण बीजच म्हणतो. पण ज्यांचे वचन आपण इतरांना ऐकवतो, त्यांनी स्वतः काय केले? इ.स. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ तुकोबांनी अंगावर घेतला. घरचा व्यापार बसला, गुरेढोरे गेली, पहिली पत्नी अन्नान्न करीत गेली, मूल गेले. घर सावकारीचे होते, लोकांकडून येणे होते, कर्जाची खते हातात होती. त्या खतांचा धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्यांनी भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. विचार करा. ज्यांना पेरले ते उगवण्याचा नियम सर्वांत जास्त कळला होता, त्यांनी कर्जदारांना तो नियम सांगितला नाही. ज्यांचे उगवले नव्हते त्यांचे देणेच पाण्यात सोडले. नियम स्वतःसाठी आणि सूट दुसऱ्यासाठी, ही त्यांची वाटणी. आपण बहुधा उलटी करतो. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ते असे.

दुसऱ्या वाक्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. उगवले नाही आणि अजून उगवले नाही, या दोहोंत फरक आहे. इस्राएल देशात मसादा नावाचा एक डोंगरी किल्ला आहे. तिथल्या उत्खननात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बिया सापडल्या. त्यातली एक शास्त्रज्ञांनी २००५ साली लावली आणि तिला कोंब फुटला. दोन हजार वर्षे कोरड्या अंधारात पडलेली बी, तिच्याकडे पाहून ती मेली आहे असे कोणीही म्हटले असते.

इतके लांब जायलाही नको. आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवरायांचे जन्मगाव म्हणून आपण मानतो. नामदेवराय नामाचा प्रसार करीत उत्तरेकडे गेले, पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिले. इ.स. १३५० मध्ये ते पंढरपूरच्या महाद्वारात पायरीखाली समाधिस्थ झाले, असे आपली परंपरा सांगते. पंजाबात त्यांची पदे लोकांच्या तोंडी राहिली. इ.स. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवरायांची ६१ पदे घेतली. म्हणजे पेरणारा जाऊन अडीचशे वर्षे उलटल्यावर. पुढे इ.स. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग आपल्या नांदेडला आले आणि देह ठेवण्यापूर्वी त्यांनी ग्रंथालाच गुरुपद दिले. आज नांदेडच्या गुरुद्वारात त्या ग्रंथाचे अखंड वाचन होते, आणि त्यात नरसीच्या नामदेवरायांची वाणी असते. नरसीहून निघालेले बी गोदावरीच्या काठी परत आले, पण किती फेरा घेऊन आणि कोणाच्या हातून! नामदेवरायांनी हे पाहिले नाही. पाहण्यासाठी त्यांनी पेरलेही नव्हते.

ज्या कीर्तनकाराला वाटते की आपले कोणी ऐकत नाही, मांडवात म्हातारी माणसेच उरली; ज्या आईबापांना वाटते की एवढे संस्कार केले ते पुण्या-हैदराबादला जाऊन वाहून गेले; त्यांनी हा फेरा आठवावा. झाड आपले बी दूर का पाठवते? आईच्या सावलीखाली लेकराला ऊन मिळत नाही, तिथली ओल आईच पिऊन टाकते. म्हणून रुईने आपल्या बीला कापसाचे पंख दिले, लेकरे तिला म्हातारी म्हणून फुंकत पळतात. पळसाने चपटी पापडी केली, वाऱ्यावर तरंगणारी, तिच्या टोकाला एकच बी. पाठवणे ही झाडाची माया आहे. पाठवल्यावर ते कुठे पडले, कोणत्या जमिनीत रुजले, हे झाडाला दिसत नाही. गीतेने कर्माचा आणि फळाचा अधिकार वेगवेगळा ठेवला, तो झाडाला कोणी न शिकवता आलेला आहे. आपल्याला मात्र शिकावा लागतो, आणि म्हातारपणी तर पुन्हा पहिल्यापासून.

आता तिसरे वाक्य, उगवले ते पेरलेलेच. हेही खरे नाही, आणि याकडे आपले लक्ष सर्वांत कमी जाते.

आमच्या गावाचे नाव भोकर, आणि भोकर हे झाडाचेही नाव. कच्च्या भोकरांचे लोणचे आपण सर्वांनी खाल्ले आहे. पिकल्यावर आतला गर असा चिकट होतो की पोरे त्याने कागद चिकटवतात. ते गोड फळ पाखरे खातात आणि आतली कठीण बी कुठे तरी दूर टाकून देतात. बांधावर, ओढ्याच्या काठाला, पडक्या वाड्यात भोकर उगवते. ते कोणी लावले? कोणीही नाही. पाखराला तर झाड लावायचे नव्हते, त्याला फळ खायचे होते. पोट भरता भरता त्याच्याकडून झाड लागले. रानातला मोह, पळस, बिब्बा, टेंभुर्णी, यांतले बहुतेक असेच, कोणा माणसाने न पेरलेले. आणि त्यावर किती घरे जगली!

आपल्या भाकरीबरोबरचा ठेचा घ्या. मिरची ही मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आली. भुईमूग आणि मका तिकडचेच. बालाघाटाच्या डोंगरात माजलेले सीताफळही मूळचे तिकडचे. ज्ञानोबा-नामदेवांच्या काळी वारीच्या शिदोरीत मिरची नव्हती. समुद्रापलीकडच्या कोणा अनोळखी शेतकऱ्याने हजारो वर्षे निवडून राखलेले बी आज आपल्या शिदोरीत आहे. त्याचे ऋण आपण कोणत्या वहीत मांडले आहे?

आणि वारीतच पाहा. कार्तिकीला पायी निघालो की धोतराच्या सोग्याला आघाड्याच्या बिया चिकटतात, पायताणाला गोखरू, आणि गवताची कुसळे तर कापडात शिरतात ती निघता निघत नाहीत. कुसळाची करामत ऐका. त्याला पिळाची लांब शेपटी असते. ओल लागली की पीळ उलगडतो, ऊन लागले की पुन्हा बसतो. असे फिरता फिरता त्याचे टोक मातीत घुसते, आणि टोकावरची केसाळ लव उलटी असल्याने ते मागे सरत नाही. ना नांगर, ना तिफण, ऊन आणि दव एवढ्यावर ते स्वतःला पेरून घेते. वारकरी लातूर, बार्शी ओलांडून जातो, मुक्कामाला बसला की चिडून कुसळे उपटून फेकतो, आणि ज्या गावचे नाव त्याला ठाऊक नाही त्या गावच्या बांधावर पुढच्या पावसात भोकरचे गवत उगवते. डोक्यावर वृंदावन घेतलेल्या माउलीच्या तुळशीची मंजिरी वाटेने झडते, तिचेही तसेच. आपण नाम घेत चाललो असतो, पेरणी आपल्या नकळत होत असते.

पण न पेरता उगवणारे सगळेच गोड नसते, हेही सांगितले पाहिजे. गाजरगवत कोणी पेरले? १९५० च्या दशकात ते पुण्याजवळ पहिल्यांदा नजरेस आले असे सांगतात, आणि आज देशात असा रस्ता नाही की ज्याच्या कडेला ते नाही. एका झाडाला हजारोंनी बिया, त्याही धुळीसारख्या हलक्या. त्याला मशागत लागत नाही, पाऊस कमी पडला तरी चालतो. निंदेचे तसेच आहे. चांगली गोष्ट कोणाच्या मनात रुजवायची तर चार वर्षे ये-जा करावी लागते, आणि वाईट गोष्ट चावडीवर एकदा बोलली की पाण्याशिवाय माजते. गाजरगवताला एकच उपाय जाणते सांगतात, फुलावर येण्याआधी मुळासकट उपटायचे. फूल आल्यावर उपटले तर उपटणाऱ्याच्याच हातून बी सांडते. मनात एखाद्याविषयी अढी आली तर ती तिथल्या तिथे उपटावी. तोंडावाटे फुलली की मग ती आपल्या हातात राहत नाही.

तर सज्जनहो, तिन्ही वाक्ये तपासून झाली. आता सिद्धान्त. पेरले तेच उगवते, म्हणून मी काय पेरतो ते पाहावे. पेरले ते उगवतेच असे नाही, म्हणून ज्याचे उगवले नाही त्याला दोष देऊ नये, आणि आपले उगवले नाही म्हणून खचू नये. उगवले ते पेरलेलेच असे नाही, म्हणून जे मिळाले ते सगळे आपल्या कर्तबगारीचे समजू नये. पहिल्याने सावधपण येते, दुसऱ्याने करुणा, तिसऱ्याने कृतज्ञता. हे तिन्ही एका माणसात आले तर तो कोणत्या गावचा आणि कोणत्या जातीचा, हे विचारायचे कारण उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग प्रयत्न सैल होईल. उगवायचेच नसेल तर पेरावे कशाला? याला उत्तर आपला शेतकरी देतो. तो पावसाचे वचन न घेता पेरतो, पण म्हणून बियाणे न निवडता पेरत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून मोजतो, वाफसा येण्याची वाट पाहतो, मूठ जपून सोडतो. इथपर्यंत त्याचे काम. दाणा मातीआड गेला की पुढचे काम अंधारात चालते. आधी मूळ खाली जाते, मग कोंब वर येतो. ते पाहण्यासाठी रोज माती उकरली तर दाणाच मरेल. माझ्या मते परमार्थात आणि संसारात जपण्याची गोष्ट एवढीच आहे. मूठ सोडेपर्यंत पूर्ण काळजी घ्यायची, आणि सोडल्यावर माती उकरायची नाही.

राहता राहिला शेजाऱ्याचा प्रश्न. ज्याचे रान उगवले नाही त्याच्या बांधावर जाऊन काय बोलायचे? आपल्या जुन्या लोकांची रीत अशी होती की दुबार पेरणीची वेळ आली तर घरच्या कणगीतले बियाणे उसने द्यायचे. कोणी सवाईने द्यायचे, कोणी दिढीने, आणि भला माणूस असेल तर मापाला माप. ते देताना उपदेश करण्याची पद्धत नव्हती. पायली मोजायची, पदर भरायचा आणि पाऊसपाण्याचे दोन शब्द बोलून घरी यायचे.

माझी एक विनंती गादीवर उभ्या राहणाऱ्या तरुण कीर्तनकारांना आहे, आणि तेवढीच मांडवात बसणाऱ्या आपल्यालाही. बीजाचा दृष्टान्त जरूर द्या. पण तेराव्याचे कीर्तन असेल, समोर एखादी बाई मान खाली घालून बसली असेल, तर बोलण्याआधी तो ‘च’ कुठे पडतो आहे ते पाहा. आणि कीर्तन उरकून निघताना तिच्या घरी या मृगाला पेरायला बियाणे आहे का, एवढे विचारून या.

रामकृष्ण हरी.